समोरच्याचं दुःख कळतं, पण पोचत नाही: नार्सिसिस्ट, सायकोपॅथ आणि माणूसपण

अनुबंध (धागाकर्ता)

"त्याला एम्पथीच नाही, तो माणूसच नाही" हे वाक्य आजकाल घटस्फोटाच्या चर्चेपासून गुन्ह्याच्या बातमीखालच्या प्रतिक्रियांपर्यंत सगळीकडे दिसतं. त्यात दोन दावे एकत्र बांधलेले आहेत. एम्पथी, म्हणजे समानुभूती, ही एकच गोष्ट आहे आणि ती एक तर असते किंवा नसते, हा पहिला. ती नसेल तर माणूसपणही नसतं, हा दुसरा. मला दोन्ही चुकीचे वाटतात. त्यातही पहिल्या चुकीची किंमत जास्त मोजावी लागते, कारण तिच्यामुळे लोक निरुपद्रवी माणसांना घाबरतात आणि धोकादायक माणसांवर भरवसा ठेवतात.

समानुभूतीचे निदान तीन भाग वेगळे काढता येतात. समोरच्याच्या मनात काय चाललं आहे ते ओळखणं, हा पहिला. त्याची वेदना आपल्या आत उमटणं, हा दुसरा. त्याचं बरं व्हावं म्हणून काही करावंसं वाटणं, म्हणजे कळवळा, हा तिसरा. हे तिन्ही भाग एकाच माणसात कमीजास्त असू शकतात.

सायकोपॅथमध्ये, म्हणजे इतरांना बिनदिक्कत वापरणाऱ्या, पश्चात्ताप नसलेल्या निष्ठुर माणसात, पहिला भाग बहुतेक वेळा शाबूत असतो. लोकांची नस ओळखता येते म्हणूनच त्याला फसवणूक जमते. अडतं ते दुसऱ्या भागात. मानसशास्त्रज्ञ जेम्स ब्लेअर यांनी १९९५ मध्ये मांडलेली कल्पना अशी, की समोरचा घाबरला किंवा रडू लागला की बहुतेकांचा हात आपोआप थांबतो, आणि सायकोपॅथमध्ये हा आतला लगाम लहानपणापासून नीट तयारच होत नाही. मेंदूतला अमिग्डला नावाचा भाग दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची भीती टिपतो. सायकोपॅथीची लक्षणं असलेल्यांमध्ये त्याचा प्रतिसाद मंद आढळतो.

नार्सिसिस्टचं, म्हणजे स्वतःच्या मोठेपणात आणि कौतुकात गुंतलेल्या माणसाचं, तसं नाही. त्याच्यात दुसरा भाग असतो, पण तो स्वतःच्या प्रतिमेला बांधलेला असतो. कौतुक मिळत असताना तो मायाळू, उदार, अगदी हळवाही असतो. टीका झाली, दुसऱ्याचं कौतुक झालं किंवा बायको आजारी पडून सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे गेलं, की त्याच माणसाला तिच्या वेदनेचं काही देणंघेणं उरत नाही. घरच्यांना ही ये-जाच सर्वात जास्त थकवते. कालचा प्रेमळ माणूस खरा की आजचा थंड माणूस खरा, हे त्यांना ठरवता येत नाही. बऱ्याचदा दोन्ही खरे असतात.

ऑटिझममध्ये बऱ्याच जणांचं याच्या उलट असतं. चेहरा वाचणं, सूचक बोलणं समजणं अवघड जातं, पण समोरच्याला दुखतंय हे एकदा कळलं की आतून कळवळा येतो. या लोकांना "थंड" म्हणून सायकोपॅथच्या रांगेत बसवणं हा मोठा अन्याय आहे आणि तो सर्रास होतो.

आता ज्यासाठी धागा काढला ते. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये सायकोपॅथीचं निदान असलेल्या १८ गुन्हेगारांची २६ सामान्य माणसांशी तुलना केली. स्कॅनरमध्ये त्यांना हातांचे छोटे व्हिडिओ दाखवले: एक हात दुसऱ्याला कुरवाळतो, दुखावतो, झिडकारतो. नुसतं पाहायला सांगितलं तेव्हा गुन्हेगारांच्या मेंदूतला प्रतिसाद बराच कमी होता. मग तेच व्हिडिओ "समोरच्याला काय वाटत असेल ते स्वतः अनुभवायचा प्रयत्न करा" असं सांगून पुन्हा दाखवले, तेव्हा दोन गटांमधला फरक बराच आटला. म्हणजे क्षमता पूर्ण गायब नव्हती, ती आपणहून चालू होत नव्हती. नार्सिसिझमचे गुण जास्त असलेल्या लोकांबाबत ब्रिटनमध्ये २०१४ मध्ये असंच दिसलं. दुःखात असलेल्या व्यक्तीच्या जागी स्वतःला ठेवायला सांगितल्यावर त्यांच्या हृदयाची गतीसुद्धा वाढली.

जमत असून न करणं आणि आपोआप न होणं यात नैतिक फरक किती? आणि माणूसपण यातल्या कोणत्या भागावर ठरवायचं?

केसपेपर

मांडणी पटली. निदानाबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

"सायकोपॅथ" हे डीएसएम-५ (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकी मार्गदर्शिका) मधलं निदान नाही. तिथे आहे समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार. त्यासाठी वय किमान १८ हवं, पंधराव्या वर्षाआधी वर्तन विकाराची (मुलांमधलं सततचं नियम मोडणारं, इतरांना इजा करणारं वागणं) चिन्हं दिसलेली हवीत आणि सात निकषांपैकी किमान तीन जुळायला हवेत: वारंवार कायदा मोडणं, फसवणूक, उतावळेपणा, आक्रमकता, स्वतःच्या व इतरांच्या सुरक्षिततेबद्दल बेफिकिरी, सततचा बेजबाबदारपणा, पश्चात्ताप नसणं. पश्चात्ताप हा सातातला एकच. म्हणजे समानुभूतीचा प्रश्नही न विचारता हे निदान होऊ शकतं. म्हणूनच हे निदान असलेले बरेच कैदी सायकोपॅथ नसतात.

सायकोपॅथीसाठी कॅनडाच्या रॉबर्ट हेअर यांची सुधारित यादी वापरतात (१९९१, नवी आवृत्ती २००३). त्यात २० मुद्दे आहेत. प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण, एकूण ४०. उत्तर अमेरिकेत ३० ही रेषा धरतात, युरोपात बऱ्याच ठिकाणी २५. मुलाखत दीड-दोन तासांची असते, आणि तिच्याआधी कागदपत्रं वाचायची असतात: शाळा, नोकरी, पोलीस, दवाखाना, नातेवाइकांचे जबाब. कागदपत्रं भरपूर असतील तर संशोधनात मुलाखतीशिवाय गुण देता येतात. कागदपत्रांशिवाय नुसत्या मुलाखतीवर मात्र कधीच नाही. कारण उघड आहे: खोटं बोलणं हाच यादीतला एक मुद्दा आहे आणि बोलण्यातली मोहिनी हा दुसरा. जालावरच्या २० प्रश्नांच्या चाचणीत हे काहीच होत नाही, वर उत्तरं देणारा स्वतः किंवा त्याच्यावर चिडलेली व्यक्ती असते.

नार्सिसिस्टिक व्यक्तिमत्त्व विकारासाठी नऊपैकी पाच निकष लागतात. समानुभूतीचा अभाव त्यातला एक. उरलेल्या आठांतले पाच जुळले तरी निदान पूर्ण होतं. आणि तो निकषही असा लिहिला आहे, की इतरांच्या भावना आणि गरजा ओळखण्याची, त्यांच्याशी जोडून घेण्याची त्या व्यक्तीची *तयारी नसते*. वर धाग्यात आलेला प्रयोग याच्याशी जुळतो.

आयसीडी-११ (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी, जानेवारी २०२२ पासून लागू) ने तर ही नावंच काढली. तिथे आधी तीव्रता ठरवतात, सौम्य, मध्यम की गंभीर. मग हवं तर गुणविशेष जोडतात. समानुभूतीचा अभाव आणि स्वतःलाच केंद्र मानणं हे "डिससोशिअॅलिटी"खाली येतं. मला ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. "हा नार्सिसिस्ट आहे का" यापेक्षा "याच्या वागण्याने नाती, काम आणि सुरक्षितता किती मोडते आहे" हा प्रश्न घरच्यांच्या जास्त कामाचा आहे.

हिरवा_चाफा

माहिती उत्तम, पण घरात राहणाऱ्या बाईकडे ना स्कॅनर असतो ना ४० गुणांची यादी. नवऱ्याबद्दल, सासूबद्दल, बॉसबद्दल तिने नेमकं काय बघायचं?

केसपेपर

ताई, प्रश्न रास्त आहे. निदान तिने करूच नये, तिला त्याची गरजही नाही. तिने बघायचं ते असं.

दुखावल्यानंतर काय होतं ते पाहा. दुखावत प्रत्येक जण असतो. नंतरची दुरुस्ती माणसागणिक बदलते. खऱ्या दुरुस्तीत चार गोष्टी दिसतात: काय केलं ते तो नेमकं सांगतो, समोरच्यावर त्याचा काय परिणाम झाला ते सांगतो, "पण तूच" हे जोडत नाही, आणि पुढच्या वेळी वागणं बदलतं. पहिल्या तीन गोष्टी शिकून म्हणता येतात. चौथी म्हणता येत नाही, ती दिसावी लागते आणि तिला काही आठवडे लागतात. भेटवस्तू, गुडघ्यावर बसून रडणं, देवाची शपथ हे दुरुस्तीत मोजू नका.

दुसरं, वागणं माणूस बघून बदलतं का? वरिष्ठांशी लीन, वेटरशी, वॉचमनशी, घरकामाच्या बाईंशी तुच्छ. यावरून रागावर ताबा आहे की नाही ते कळतं. साहेबांसमोर आवरणारा राग घरात आवरत नसेल, तर त्याला आवर घालता येत नाही असं म्हणता येणार नाही.

तिसरं, तिच्या आजारपणात, बाळंतपणात, तिच्या घरच्या मृत्यूत काय झालं? त्या वेळी लक्ष आपल्यावरून हटणं ज्याला सहन होत नाही, त्याचं चित्र लख्ख दिसतं.

दोन-तीन महिने नोंद ठेवा. तारीख, काय झालं, कोणते शब्द वापरले, कोण हजर होतं, पुढच्या आठवड्यात काय झालं. विशेषणं नकोत. "तो राक्षसासारखा वागला" याचा पुढे उपयोग नाही. "रात्री ११ वाजता दार आतून लावलं, ४० मिनिटं बाहेर उभं ठेवलं" याचा आहे. नोंद त्याच्या हाती लागणाऱ्या फोनमध्ये किंवा सामायिक खात्यात ठेवू नका.

आता चुकतं कुठे. सगळ्यात मोठी चूक म्हणजे "तू नार्सिसिस्ट आहेस" असं तोंडावर सांगणं. प्रतिमेवर थेट घाव बसला की त्याच्याकडची उरलीसुरली समानुभूतीही बंद होते, आणि आठवड्याभरात तोच शब्द तुमच्यावर उलटतो. दुसरी चूक, मला कुठे आणि किती दुखतं ते पुन्हा पुन्हा समजावणं. ज्याचा ओळखण्याचा भाग तल्लख आहे आणि वेदना पोचण्याचा भाग मंद आहे, त्याला तुम्ही दुखऱ्या जागांचा नकाशाच देत असता. बहुसंख्य जोडप्यांत मन मोकळं करणं हा योग्य सल्ला आहे, इथे तो घात करतो. त्याऐवजी वागण्याची मर्यादा आणि तिचा परिणाम सांगा, थोडक्यात आणि एकदाच: "आवाज चढला की मी खोलीतून जाईन." आणि मग खरंच जा.

तिसरी चूक, भीती असताना जोडप्याचं समुपदेशन. सत्रात बोललेलं घरी शस्त्र म्हणून वापरलं जातं. भीती, मारहाण किंवा पैशांची कोंडी असेल तर आधी एकटीने भेटा. लगेच धोका असेल तर ११२, महिला हेल्पलाइन १८१, मानसिक आधारासाठी टेली-मानस १४४१६.

मज्जातंतू

एक महत्त्वाची भर. व्यक्तिमत्त्व विकार तारुण्यापासून दिसतो. आयुष्यभर मायाळू असलेला माणूस पंचेचाळिशी-साठीत अचानक कोरडा झाला, तर त्याला नार्सिसिस्ट ठरवण्याआधी न्यूरॉलॉजिस्टकडे न्या.

फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाचा (मेंदूच्या पुढच्या आणि बाजूच्या भागांची हळूहळू होणारी झीज) एक प्रकार वागणुकीतूनच सुरू होतो. २०११ च्या निकषांत सहा लक्षणं आहेत: सामाजिक भान सुटणं, निरुत्साह, सहानुभूती-समानुभूती लवकर आटणं, तेच तेच करत राहणं, खाण्यातला बदल (विशेषतः गोडाची हाव) आणि स्मरणशक्ती बऱ्यापैकी टिकून नियोजन कोलमडणं. सहापैकी तीन असतील तर शक्यता धरतात. फसगत कुठे होते? स्मरणशक्तीची नेहमीची ३० गुणांची चाचणी सुरुवातीला नॉर्मल येऊ शकते, एमआरआयही. रुग्ण स्वतः म्हणतो, मला काही झालेलं नाही. त्यामुळे घरच्यांची स्वतंत्र मुलाखत अत्यावश्यक. बायको दवाखान्यात "हे बदलले" म्हणून रडत असते आणि तिला वैवाहिक समुपदेशनाला पाठवतात, यात महत्त्वाची वर्षं जातात.

बरोबरीने थायरॉइड, बी-१२, दारू, डोक्याला झालेली इजा, उन्मादाचा झटका हेही तपासा. पार्किन्सनसाठी प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल चालू असेल तर जुगार, खरेदी, लैंगिक वागणं यातला बेतालपणा औषधातून आलेला असू शकतो. ते औषध स्वतःहून एकदम बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

उंबरठा

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण माणूसपण ठरवण्यासाठी समानुभूती ही कसोटीच मला अपुरी वाटते.

ती फक्त माणसात नाही. १९६४ मध्ये अमेरिकेत ऱ्हीसस माकडांवर प्रयोग झाला. साखळी ओढली की अन्न मिळे, पण शेजारच्या माकडाला विजेचा झटका बसे. बऱ्याच माकडांनी ती साखळी टाळली, एकाने तर १२ दिवस अन्न सोडलं. २०११ मध्ये शिकागोतल्या प्रयोगात उंदरांनी नळीत अडकलेल्या सोबत्याला शिकवल्याशिवाय मोकळं केलं. दुसऱ्याच्या वेदनेने हलणं हा प्राण्यांचा जुना वारसा आहे.

ती न्यायीही नाही. २०१० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या फुटबॉलप्रेमींच्या अभ्यासात दिसलं, की आपल्या संघाच्या चाहत्याला वेदना होताना मेंदूतला प्रतिसाद जास्त असतो, विरोधी संघाच्या चाहत्याला होताना कमी. मेंदूत कसलाही विकार नसलेली ही माणसं होती. जातीय हिंसेत घर पेटवणारे बहुतेक जण घरी मुलांच्या तापाने कासावीस होणारेच असतात. त्यांची समानुभूती वेशीपाशी थांबते. एक-दोन टक्के सायकोपॅथांनी केलेल्या नुकसानापेक्षा समानुभूती असलेल्या सामान्य माणसांनी गटाच्या नावाने केलेलं नुकसान मला जास्त काळजीचं वाटतं.

आणि ती पुरेशीही नाही. मेंदूसंशोधक तानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांच्या प्रशिक्षणाच्या अभ्यासात लोकांना आधी फक्त दुसऱ्याचं दुःख आत उमटवण्याचा सराव दिला, तेव्हा त्यांना स्वतःलाच त्रास वाढला. मग कळवळ्याचा, म्हणजे त्याचं भलं होवो या भावनेचा सराव दिला, तेव्हा उभारी परतली. नर्स, समाजसेवक, आजारी आईवडिलांची शुश्रूषा करणारी मुलगी, यांना थकवतं ते बऱ्याचदा हे पहिलं. म्हणून अनुबंधनी सांगितलेल्या तीन भागांपैकी मी माणूसपण तिसऱ्यावर ठेवीन, आणि त्याला एक जोड देईन: जो आपला नाही त्याच्याशीही आपण बांधील आहोत हे मान्य करणं. हे भावनेने होत नाही. नियम, सवय आणि लाज यांतून होतं.

हिरवा_चाफा

उंबरठा, तुमचं म्हणणं समजतं. पण ज्या बाईने १५ वर्षं हे सोसलं तिला "तोही माणूसच आहे" हे ऐकवणं म्हणजे तिच्यावर आणखी एक ओझं. तिला राग येण्याचा हक्क आहे. "तो माणूस नाही" हे तिचं वाक्य शास्त्रीय विधान म्हणून तपासू नका.

अनुबंध

हिरवा_चाफा, पूर्ण सहमत. सोसणाऱ्याच्या तोंडी ते वाक्य वेदनेचं आहे आणि त्याला दुरुस्तीची गरज नाही. तिच्यावर क्षमेची सक्तीही कुणी करू नये. त्याचं माणूसपण मान्य करणं म्हणजे त्याच्याबरोबर राहणं नव्हे.

माझा आक्षेप आपण बाकीचे ते वाक्य म्हणतो त्याला आहे. माणूस म्हणून मान्य केलं तरच त्याला जाब विचारता येतो. वाघाने माणूस मारला तर त्याला पकडतात, त्याच्यावर खटला चालवत नाहीत. "तो राक्षसच" म्हटलं की आपण नकळत त्याची जबाबदारी काढून घेतो आणि त्याला पाठीशी घालणारे नातेवाईक, गप्प बसणारी सोसायटी, बढती देणारं ऑफिस हे सगळेही सुटतात.

शिवाय हे गुण टप्प्याटप्प्याने वाढणारे आहेत, मध्ये भिंत नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत अॅबिगेल मार्श यांनी अनोळखी माणसाला किडनी दिलेल्या १९ जणांचा अभ्यास केला. त्यांचा उजवा अमिग्डला तुलनेच्या गटापेक्षा मोठा होता आणि भ्यालेल्या चेहऱ्यांना त्यांचा मेंदू जास्त प्रतिसाद देत होता. म्हणजे सायकोपॅथीच्या नेमकं दुसरं टोक. आपण सगळे या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहोत.

पाळणाघर

लहान मुलांबद्दल लिहिते, कारण काही करता येण्यासारखं सर्वात जास्त इथेच आहे.

आधी हे: १८ वर्षांखालच्या मुलाला सायकोपॅथ म्हणू नये. डीएसएम-५ मध्ये वर्तन विकाराला जोडायची एक उपनोंद आहे. चारपैकी दोन गोष्टी किमान १२ महिने, एकाहून जास्त ठिकाणी दिसायला हव्यात: अपराधीपणा नसणं, दुसऱ्याबद्दल निष्ठुर बेफिकिरी, अभ्यास-कामातल्या अपयशाचं काहीच न वाटणं, उथळ भावना. तीन वर्षांच्या मुलाने मांजराचं शेपूट ओढणं यात बसत नाही.

वारसा आहे का? आहे, आणि बराच. ब्रिटनमधल्या सात वर्षांच्या जुळ्यांच्या २००५ च्या अभ्यासात या निष्ठुर गुणांच्या टोकाच्या पातळीत आनुवंशिकतेचा वाटा दोन तृतीयांश निघाला. पण त्यापुढचा भाग कुणी सांगत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत दत्तक मुलांवर अभ्यास आला. जन्मदात्या आईत समाजविघातक वागणं जास्त असेल तर मुलात हे गुण दिसण्याची शक्यता वाढत होती, मुलाची तिच्याशी भेट नसताना किंवा फारच कमी असताना. मात्र दत्तक आईने दीड वर्षाच्या वयात भरपूर शाबासकी, गोड शब्द दिले असतील तर तो वारशाचा परिणाम पुसट होत होता.

प्रत्यक्षात काय करायचं? या मुलांना शिक्षेचा धाक कमी वाटतो, बक्षिसाची ओढ मात्र नेहमीसारखीच असते. ऑस्ट्रेलियात २००५ मध्ये पालक-प्रशिक्षणात हेच दिसलं: शाबासकीचा भाग या मुलांवर इतरांइतकाच चालला, कोपऱ्यात बसवण्याचा चालला नाही. त्यामुळे आपल्याकडचा नेहमीचा उपाय, म्हणजे मार वाढवत नेणं, नेमका उलटा पडतो. मूल मार सोसायला शिकतं आणि पालकांकडे उरलेली माया आटते.

त्याऐवजी दोन ते सात वर्षांच्या मुलासाठी रोज पाच मिनिटं खेळ. मूल पुढाकार घेईल, तुम्ही मागे. प्रश्न नाहीत, आज्ञा नाहीत, टीका नाही. ते जे करतं आहे त्याचं वर्णन आणि नेमकी शाबासकी: "बहिणीला लाल ठोकळा दिलास, छान वाटलं तिला." "शहाणा बाळ" एवढ्याने भागत नाही, कारण कशाबद्दल शाबासकी ते कळत नाही. शाबासकी काही सेकंदांत हवी, संध्याकाळी बाबा आल्यावर नको. बोलताना त्याच्या उंचीवर बसून डोळ्यांत बघा. मार्क डॅड्स यांना २००६ मध्ये आढळलं, की या मुलांना भ्यालेला चेहरा ओळखता येत नाही, पण "डोळ्यांकडे बघ" म्हटलं की तात्पुरता ओळखता येतो. म्हणजे लक्षच तिकडे जात नाही. गोष्ट वाचताना चित्रातल्या डोळ्यांवर बोट ठेवून "याला काय वाटतंय?" असं विचारणं हा साधा घरगुती सराव आहे. हा उपचार नव्हे, उपचाराला हातभार.

पालक इथे हरतात ते दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. मूल आधी बक्षिसासाठीच वागतं आणि पालक म्हणतात, "हा तर सौदा करतोय." करू द्या. सवय आधी येते, आपलेपणा नंतर.

केसपेपर

पाळणाघर यांच्या मुद्द्याला मोठ्या मुलांचा पुरावाही आहे. अमेरिकेतल्या मॅडिसन, विस्कॉन्सिन इथे १९९५ पासून मेंडोटा नावाचं केंद्र चालतं. बालगुन्हेगारांच्या तुरुंगात कुणालाच न आवरणारी मुलं तिथे पाठवतात. शिक्षा, त्यावर बंडखोरी, त्यावर जास्त कडक शिक्षा, हे चक्र तोडायचं हा पाया. आजच्या वागण्याचे गुण उद्याच्या सवलती ठरवतात, म्हणजे रोज नवी सुरुवात. पाठपुराव्यात तुलनेच्या गटातल्या मुलांच्या हातून १६ खून झाले होते, मेंडोटातून गेलेल्यांच्या हातून एकही नाही. मुलं यादृच्छिक पद्धतीने वाटलेली नव्हती, त्यामुळे आकडा जपून वापरावा. तरी फरक मोठा आहे.

उलटं उदाहरणही सांगायला हवं. कॅनडात ओंटारियोमधल्या ओक रिज इथे १९६० च्या दशकात सायकोपॅथ आणि इतर मनोरुग्ण गुन्हेगारांसाठी धाडसी कार्यक्रम सुरू झाला. रुग्णच एकमेकांवर उपचार करत, तासन्‌तास भावना उघड करणारी गटसत्रं, एलएसडीसुद्धा. १९९२ मध्ये निष्कर्ष छापले गेले: सायकोपॅथ नसलेल्यांना फायदा झाला, पण सायकोपॅथ गटात उपचार घेतलेल्यांनी उपचार न घेतलेल्यांपेक्षा जास्त हिंसक गुन्हे केले. त्यावरून "सायकोपॅथ असाध्य" हा समज रूढ झाला. मला तो निष्कर्ष चुकीचा वाटतो. सक्तीचा आणि अपमानास्पद कार्यक्रम होता तो, आणि त्याने फक्त पहिला भाग, म्हणजे समोरच्याचं मन ओळखणं, धारदार केला. त्यातून एवढंच ठरतं, की समानुभूतीवर व्याख्यान देणं हा या लोकांसाठी उपचार नाही. वागणं, परिणाम, आवेगावर ताबा, व्यसनमुक्ती यावर काम करणं हा आहे.

नार्सिसिस्टबद्दल थोडक्यात: यावर गोळी नाही. ते "मला समानुभूती शिकवा" म्हणून येत नाहीत, नोकरी गेल्यावर, बायको सोडून गेल्यावर, निवृत्तीनंतर नैराश्य घेऊन येतात. तीच वेळ कामाची असते आणि तीच धोक्याचीही, कारण अपमानानंतर आत्महत्येची जोखीम वाढते. स्कीमा थेरपीला (लहानपणापासून रुजलेल्या समजुतींवर काम करणारी बोलण्याची उपचारपद्धती) नेदरलँड्समधल्या २०१४ च्या चाचणीचा आधार आहे, पण त्यातल्या ३२३ जणांत नार्सिसिस्ट थोडेच होते. काम वर्षांत मोजावं लागतं आणि मध्येच सोडणारे बरेच.

कोर्टपायरी

कायद्याची बाजू, कारण "सायकोपॅथ आहे असं सर्टिफिकेट मिळवा" असा सल्ला लोक एकमेकांना देतात.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये मानसिक विकार हे घटस्फोटाचं कारण आहे आणि त्याच्या स्पष्टीकरणात सायकोपॅथिक विकाराचा उल्लेखही आहे: असामान्य आक्रमक किंवा गंभीर बेजबाबदार वागणूक घडवणारा सततचा विकार. हे वाचून लोक त्याच रस्त्याने जातात आणि अडकतात. नुसता विकार पुरत नाही, तो इतका असावा लागतो की सोबत राहण्याची अपेक्षाच करता येऊ नये. १९८८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्किझोफ्रेनियाबद्दल सांगितलं, की निदानाचं लेबल पुरेसं नाही, तीव्रता सिद्ध करा. व्यक्तिमत्त्व विकारात तर समोरचा तपासणीला गेला तरी गोड बोलून येतो. म्हणून बहुतेक प्रकरणांत क्रूरतेचं कारण जास्त भक्कम. तिथे मेंदू सिद्ध करायचा नसतो, वागणं सिद्ध करायचं असतं. छळ होणाऱ्या नवऱ्यालाही हाच मार्ग खुला आहे.

स्त्रियांसाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा. यात शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळ स्पष्ट शब्दांत आहे, अंगावर वळ असायलाच हवेत असं नाही. संरक्षण अधिकाऱ्याकडे घरगुती घटना अहवाल भरा, कलम १२ खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. कलम १८ संरक्षण, १९ राहत्या घराचा हक्क, २० पैसे, २१ मुलांचा तात्पुरता ताबा. कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत देण्याचा प्रयत्न. प्रत्यक्षात उशीर होतो, म्हणून कलम २३ खाली अंतरिम आदेश पहिल्याच अर्जात मागा. हे बऱ्याच जणी विसरतात. वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही.

व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट नुसते जोडून भागत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, त्यात एक भाग तुम्ही आणि एक तज्ज्ञ भरतो. मूळ फोन विकू किंवा फॉरमॅट करू नका.

गुन्ह्यात मात्र सायकोपॅथीने सुटका होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ ला हवी मनाची अशी अवस्था, की कृत्य काय आहे किंवा ते चूक वा बेकायदा आहे हेच कळू नये. सायकोपॅथला ते कळतं.

उंबरठा

कोर्टपायरी, शेवटचा मुद्दा धाग्याच्या गाभ्याशी जातो. कायदा माणूस ठरवताना वेदना आत उमटते का हे विचारत नाही, चूक काय ते कळत होतं का एवढंच विचारतो. मला हे योग्य वाटतं. ज्याला आतून लगाम नाही त्याला बाहेरचे नियम जास्त नीट पाळावे लागतील, आणि ते त्याला जमू शकतात. निष्ठुर गुण असूनही कुणाला इजा न करता आयुष्य काढणारी माणसं असतात. त्यांची नोंद कुठल्या तुरुंगाच्या अभ्यासात होत नाही.

सागरगोटा

आई-वडील वेगळे होतात तेव्हा नऊ-दहा वर्षांच्या मुलाला काय सांगावं? "बाबा नार्सिसिस्ट आहे" असं सांगणारे पालक वाढले आहेत.

पाळणाघर

लेबल सांगू नका. मुलाला ते आपल्या अर्ध्या रक्ताबद्दलचं वाक्य वाटतं, आणि पुढे स्वतःला राग आला की "मीही तसाच का?" हा प्रश्न ते एकटंच वाहतं. शिवाय ताब्याच्या प्रकरणात हे तुमच्याविरुद्ध वापरलं जातं.

वागण्याबद्दल बोला. "बाबा ओरडले, ते बरोबर नव्हतं. ते तुझ्यामुळे नाही झालं." एवढी दोन वाक्यं पुरतात, पण प्रत्येक प्रसंगानंतर म्हणावी लागतात. मूल "बाबा मला आवडतात" म्हणालं तर ते मान्य करा, खोडू नका. भेटीहून आल्यावर लगेच चौकशी नको, आधी जेवण, खेळ, झोप. मूल रात्रीत उठू लागलं, शाळेत जाईना, किंवा एका पालकाचा निरोप्या बनू लागलं तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, आणि तिथे जाताना त्याला सांगा की ते बिघडलं आहे म्हणून आपण जात नाही आहोत.